रिकाम्या डब्याला एक चांदणी

पालकसभेत गप्प बसणं ही एक कला आहे. माझ्या बायकोला ती साधली आहे. ती मागच्या रांगेत बसते, अधूनमधून मान डोलावते, शेवटी चहा पिते आणि सुखरूप घरी येते. मला ते जमत नाही. व्यासपीठावरून कुणी "काही शंका?" असं विचारलं की माझ्या घशात काहीतरी वळवळायला लागतं. एवढ्या भरल्या सभागृहात एकालाही शंका नसावी, हा मला विचारणाऱ्याचा अपमान वाटतो.

बायको रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. त्या महिन्यापासून तिची पहाटेची पाळी सुरू झाली होती आणि सभेच्या दिवशी तिला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी मुलांच्या डब्यांचा विषय काढला. डब्यात काय असतं, तर बिस्किटं, वेफर्स, जॅम लावलेला ब्रेड आणि पुन्हा बिस्किटं. मग मुलं मधल्या सुट्टीनंतर पेंगतात, चिडचिड करतात, एकमेकांना चावतात. चावण्याची तक्रार खरं म्हणजे बालवर्गापुरती होती, पण बाईंनी ती सगळ्या पालकांत सारखी वाटली. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "काही शंका?"

मी उभा राहिलो.

"मॅडम, आम्ही पौष्टिक डबा दिला, हे ठीक. पण तो मुलानेच खाल्ला, हे कशावरून?"

यात माझा दोष नाही, माझ्या पेशाचा आहे. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. जळालेल्या दुकानात खरोखर तेवढा माल होता का, चोरीला गेलेली गाडी मेव्हण्याच्या अंगणात तर उभी नाही ना, असल्या गोष्टी शोधण्यात माझी हयात गेली. लोक माझ्यासमोर खोटं बोलायला बिचकतात, असं ऑफिसात म्हटलं जातं. निदान मी तरी तसं म्हणतो.

माझ्या प्रश्नावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मुख्याध्यापिकाबाई भारावल्यासारख्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका वडिलांनी डब्याबद्दल तोंड उघडलंय!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत मी 'पौष्टिक डबा समिती'चा अध्यक्ष झालो होतो. आ बैल मुझे मार म्हणतात ते हेच. फक्त माझ्या बाबतीत बैलाला टाळ्यांची साथ होती.

अध्यक्ष झाल्याबरोबर मी पहिली सूचना मांडली. मधली सुट्टी संपली की वर्गशिक्षिकेने प्रत्येकाचा डबा उघडून बघायचा. रिकामा असेल तर भिंतीवरच्या तक्त्यात त्या मुलाच्या नावापुढे एक चांदणी चिकटवायची. सत्र संपताना सगळ्यांत जास्त चांदण्या असतील त्याला 'आरोग्यदूत' असा बिल्ला. बाईंना कल्पना फार आवडली. बक्षीस लावलं की दावे वाढतात, हे मी रोज आमच्या कंपनीत सांगत असतो. ते त्या क्षणी मला आठवलं नाही.

घरी आल्यावर बायकोला बातमी दिली.

"अध्यक्ष? वा! मग उद्यापासून डबे तूच कर. मी उजाडायच्या आत घरातून निघते."

"अगं, अध्यक्षाने डबे करायचे नसतात. धोरण ठरवायचं असतं."

"मग धोरणच भर डब्यात," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

आम्हाला दोन मुलं. थोरली पाचवीत आहे. तिच्याशी वाद घालताना मला वरिष्ठांसमोर बसल्यासारखं वाटतं. धाकटा दुसरीत. तो फार बोलत नाही, पण बघत सगळं असतो.

दुसऱ्या दिवशी बातमी इमारतभर झाली, आणि सल्ले यायला लागले. आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त दंतवैद्य राहतात. ते जिन्यात भेटले आणि माझ्या दातांकडे बघत म्हणाले, "मुलांना चिकट काही देऊ नका हो. जॅम नको, केळं नको, खजूर नको, बिस्किटं तर मुळीच नकोत. आंबटही नको, दातांवरचा थर जातो."

"मग द्यायचं काय, डॉक्टर?"

"गाजर! कच्चं गाजर. दातांना व्यायाम होतो. आणि काकडी." काकडी हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला वाटलं, तरुणपणीचं काही असावं.

खालच्या मजल्यावर व्यायामशाळेचा मालक राहतो. त्याला सगळी इमारत पैलवान म्हणते. त्याचा मुलगा आमच्या धाकट्याच्याच वर्गात. पैलवानाने मला गेटपाशी अडवलं आणि दंड चाचपून बघितला. तिथे त्याला जे सापडलं त्याने तो खिन्न झाला. "काका, गाजर-काकडी हे खाणं नाही, ते पाणी आहे. पोराला अंडी द्या. उकडलेली. आमचा पठ्ठ्या रोज डब्यात अंडी नेतो आणि डबा चाटून पुसून आणतो."

काका! हा माणूस माझ्यापेक्षा फार तर चार वर्षांनी लहान असेल. पण पोराच्या आरोग्यासाठी मी तो अपमान गिळला आणि अंडी आणली.

अंडी उकडणं सोपं आहे. ती गार होऊ द्यावी लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गरमागरम अंडी सोलून डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावलं. शाळेची बस दोन चौक पुढे जाईपर्यंत त्या डब्यात जे व्हायचं ते झालं. संध्याकाळी बसचा चालक मला म्हणाला, "साहेब, आज गाडीत उंदीर मेला होता बहुतेक. सगळ्या पोरांना खाली उतरवून सीटखाली बघितलं, पण सापडला नाही. उद्या औषध मारून घेतो."

"घ्या, घ्या," मी म्हणालो. "स्वच्छता हवीच."

धाकटा माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा वर बघितलं आणि पुन्हा बुटांकडे बघायला लागला. पुढे थोरलीकडून कळलं की सगळी मुलं उतरली, तरी हा दप्तर मांडीखाली घेऊन शेवटपर्यंत जागेवर बसून होता. पोटात दुखतंय म्हणाला.

अंडी बंद झाली. मग मी एका मासिकात वाचलं की मुलं आधी डोळ्यांनी जेवतात, तेव्हा डबा आकर्षक हवा. मी पहाटे उठून ब्रेडच्या गोल तुकड्यावर चेहरा तयार केला. काकडीचे डोळे, गाजराचं नाक, बीटाचं हसरं तोंड, आणि हे सगळं जागेवर राहावं म्हणून टूथपिक टोचल्या. चेहरा इतका प्रसन्न झाला होता की मी झोपलेल्या थोरलीला उठवून दाखवला. ती म्हणाली, "बाबा, हा आपल्याकडे का बघतोय?"

मधल्या सुट्टीपर्यंत बीटाला पाणी सुटलं. हसऱ्या तोंडातून लाल ओघळ हनुवटीपर्यंत आले, एक डोळा घसरून गालावर गेला. धाकट्याने डबा उघडल्यावर शेजारची मुलगी जी रडायला लागली ती घरी जाईपर्यंत थांबली नाही. वर्गशिक्षिकेने डबा जप्त केला आणि आत एक पत्रक ठेवून परत पाठवला. डब्यात अणकुचीदार वस्तू, काचेची भांडी, उग्र वासाचे पदार्थ आणि चमचा लागेल असं काहीही देऊ नये, देणाऱ्या पालकांना समज दिली जाईल, असं त्यात होतं. खाली अध्यक्ष म्हणून माझी सही होती. सभेनंतर चहा पिता पिता मी ती न वाचता केली होती. दाव्यावर न वाचता सही करणाऱ्या लोकांना मी काय काय बोलतो, ते इथे लिहीत नाही.

मी मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला आणि चमच्याचा नियम जरा शिथिल करता येईल का, असं विचारलं. मला भात द्यायचा होता. बाई म्हणाल्या, "समितीचा ठराव लागेल." मी म्हणालो, "समिती म्हणजे मीच." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही स्वतःकडे अर्ज करा, आणि दोन प्रती मला पाठवा." त्या चेष्टा करत नव्हत्या. मी भाताचा नाद सोडला.

अखेर सगळ्या चुका गाळून एक डबा शिल्लक राहिला. त्यात गाजर होतं, बीट होतं, काकडी होती, पालकाचं पान होतं आणि कोपऱ्यात मूठभर उकडलेले हरभरे. टूथपिक बंद झाल्या तरी आकर्षकपणाचा आग्रह मी सोडला नव्हता. बाजारातून पत्र्याचा एक छोटा साचा आणला आणि गाजराच्या चकत्यांच्या चांदण्या कापायला लागलो. तक्त्यावर चांदणी, डब्यातही चांदणी. बायकोने संध्याकाळी उरलेल्या चांदण्या बघितल्या. "मुलं खातायत हे?" तिने विचारलं.

"बघू या," मी म्हणालो.

आणि काय सांगू! मी दप्तरांतून डबे काढून उघडले, तर दोन्ही रिकामे. दुसऱ्या दिवशीही रिकामे. पालकाचं पान नाही, हरभऱ्याचं साल नाही, काही नाही. मी झाकण उघडायचो आणि धाकटा समोर उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत असायचा.

"सगळं संपवलंस?"

"हो, बाबा."

"बीटसुद्धा?"

"हो."

मी त्याला उचलून गरागरा फिरवायचो. मला खरं सांगायचं तर इतकं यश मिळायची सवय नव्हती. ऑफिसात मी कुणालाही थांबवून डब्याबद्दल सांगायला लागलो. दंतवैद्यांनी जिन्यात माझा हात हातात घेतला. पैलवानालाही मी मुद्दाम गाठलं आणि पाणी पिऊनही पोरं कशी वाढतात ते समजावलं. तक्त्यावर धाकट्याच्या नावापुढे चांदण्यांची रांग लांबत गेली. त्याच्या बरोबरीला फक्त पैलवानाचा मुलगा होता. 'आरोग्यदूत' बिल्ला बहुधा आमच्याच घरी येणार, असं वर्गशिक्षिका म्हणाल्या. अध्यक्षाच्या मुलालाच बिल्ला मिळाला तर लोक काय म्हणतील, या काळजीने मला एकदोनदा झोप लागली नाही. ती काळजी मला फार आवडली.

असं सगळं छान चाललेलं असताना एका दुपारी ऑफिसात मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "ताबडतोब या. शाळेत रक्त सांडलंय."

मी कसा पोचलो ते आठवत नाही. फाटकाशी बाई उभ्या होत्या. "मुलं ठीक आहेत," त्या घाईने म्हणाल्या, "कापूसबद्दल बोलावलं."

कापूस हा शाळेचा ससा. दुसरीच्या वर्गांमागे जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात राहतो. नावाप्रमाणे पांढराशुभ्र. मला तेव्हा जो दिसला त्याला कापूस म्हणणं धाडसाचं होतं. एक म्हणजे तो कापसाच्या पेळूएवढा नाही, गादीएवढा झाला होता. शिवाय त्याचं तोंड गुलाबी झालं होतं आणि पिंजऱ्यातल्या गवतावर जागोजागी लाल डाग पडले होते. वर्गशिक्षिका डोळे पुसत होत्या. माळी हात जोडून सांगत होता की त्याने गवताशिवाय काही घातलेलं नाही. खिडक्यांना मुलांची नाकं चिकटली होती.

"पण मला का बोलावलंत?" मी विचारलं.

"विषबाधा असेल तर खाण्याचा प्रश्न आला," बाई म्हणाल्या. "खाण्याची समिती तुमची."

तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कापूसला उचललं, म्हणजे उचलायचा पहिला प्रयत्न फसल्यावर दोन्ही हातांनी उचललं. त्याचे दात बघितले, पोट दाबलं, लाल झालेलं गवत बोटांत चुरडलं. मग त्या हसायलाच लागल्या.

"रक्त नाही हे. बीट आहे. बीट खाल्लं की सशाची लघवी अशी लाल होते. घाबरू नका."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला, पण तो अर्ध्यात अडकला.

"मात्र हा भयंकर सुटलाय," डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. "कुणीतरी याला रोज भाज्या घालतंय, आणि गाजर तर बेसुमार. सशाला गवत हवं. गाजर म्हणजे त्याला मिठाई. असंच चाललं तर याचं पोट बंद पडेल."

मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे वळल्या. "हे कोण करतंय ते शोधून काढा. तुमचं तर कामच ते आहे. शुक्रवारी पालकसभेत बिल्ला द्यायचाय, तेव्हाच अहवाल मांडा."

सगळे माझ्याकडे आशेने बघत होते. मी खिशातून पेन काढलं. का काढलं ते माहीत नाही, लिहायला काही नव्हतंच. चेहरा गंभीर करून मी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, मग वाकून आत बघितलं. कोपऱ्यात, पाण्याच्या भांड्यामागे, गवतात काहीतरी केशरी दिसलं. हात घालून ते बाहेर काढलं.

गाजराची चांदणी होती. एक टोक कुरतडलेलं, बाकीची चार शाबूत. कडा जरा वेडीवाकडी, कारण माझ्या साच्याला एका बाजूला पोचा आहे.

माझ्या सगळ्या नोकरीत मी पुराव्याला हात लावू दिला नाही कुणाला. पुरावा जिथे आहे तिथेच राहिला पाहिजे, हे मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवतो. मी ती चांदणी मुठीत घेतली आणि खिशात टाकली.

"काही सापडलं का?" वर्गशिक्षिकेने विचारलं.

"गवत," मी म्हणालो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी घरी जाताना रस्ताभर घोकत होतो. ओल्या गाजराचा डाग खिशावर उमटला होता. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे ठरत नव्हतं.

घरी बायको नुकतीच येऊन पाय वर घेऊन बसली होती. मुलं जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती. मी चांदणी धाकट्याच्या वहीवर ठेवली.

"हे काय आहे?"

त्याने चांदणी ओळखली. "कापूसची आहे. तू का आणलीस?"

"कापूसची नाही, तुझी आहे! मी सकाळी उठून कापली ती. रोज कापतो. तू मला सांगायचास, सगळं संपवलं म्हणून."

"संपवलंच होतं," तो हळूच म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं की मी खाल्लं."

आता माझ्या जागी दुसरा कुणी असता तर चिडला असता. मी इतका बारीक बचाव गेल्या कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पण चिडायचं ठरवून आलो होतो, म्हणून आवाज चढवला. "आवडत नव्हतं तर सांगायचं होतंस! डबा तसाच परत आणायचा होतास!"

त्याचा खालचा ओठ थरथरला. थोरलीने पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, त्याच्यावर ओरडू नकोस. तो आणणारच होता परत. पहिल्या दिवशीच. मी सांगितलं त्याला, नको आणूस म्हणून."

"का?"

"तू त्या चेहऱ्याच्या दिवशी कसा दिसत होतास ते तू बघितलं नाहीस," ती म्हणाली. "पत्रक वाचून तू डबा हातात घेऊन किती वेळ ओट्यापाशी उभा होतास. जेवलाही नाहीस नीट."

"आणि डबा रिकामा दिसला," धाकटा रडत रडत म्हणाला, "की तू मला गरागरा फिरवायचास."

बायको उठली, त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याचं नाक पुसलं. मग तिने तो प्रश्न विचारला, जो मला आधी सुचायला हवा होता. "मग तू दिवसभर उपाशी राहायचास का रे?"

"नाही. ताई द्यायची."

थोरलीने खांदे उडवले. तिच्या वर्गातल्या एका मुलीला म्हणे बीट मनापासून आवडतं, आणि तिच्या घरी कुणी करत नाही. ती थोरलीचा डबा घ्यायची आणि आपला लोणी लावलेला ब्रेड हिला द्यायची. त्यातला अर्धा ही मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गाबाहेर नेऊन भावाला द्यायची. हे सगळं माझ्या नाकाखाली चाललं होतं. जळक्या दुकानांचे हिशेब तपासणाऱ्याच्या घरात.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "शुक्रवारी सांगणार आहेस?"

"सांगायलाच हवं. पण अध्यक्षाची इभ्रत..."

"इभ्रत कापूसने खाल्ली," ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. घास हातात धरून ती हसत राहिली. आधी मला राग आला. मग थोरली हसली, धाकटा हसला, आणि एकट्याने गंभीर राहण्यात काही अर्थ उरला नाही.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. बायकोनेही अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, आणि या खेपेला ती पहिल्या रांगेत बसली होती. व्यासपीठावर तो तक्ता आणून लावला होता. टेबलावर मखमलीच्या डबीत बिल्ला. पैलवान केस विंचरून आला होता आणि मुलाला मांडीवर घेऊन बसला होता. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. मी गेलो आणि खोकलो.

"कापूसला भाज्या कोण घालत होतं याचा तपास पूर्ण झाला आहे," मी सुरुवात केली. "आरोपी माझा मुलगा आहे. माल मी पुरवला. आणि तपास करणाराही मीच असल्यामुळे, पहिल्या दिवशी मी पुरावा खिशात घालून घरी नेला."

सभागृहात कुजबुज झाली. मी पुढचं सगळं सांगून टाकलं. अंड्यांचं, चेहऱ्याचं, चमच्याच्या अर्जाचंही. बसचा चालक मागे दाराशी उभा होता. त्याने उंदराचा उलगडा झाल्यावर कपाळावर हात मारला. शेवटी म्हणालो, "माझ्या मुलाच्या सगळ्या चांदण्या काढून टाका. त्या सशाच्या आहेत. आणि अध्यक्षपदाचा राजीनामाही घ्या."

मी मान खाली घालून उभा राहिलो. आता मुख्याध्यापिकाबाई काय बोलतात याची वाट बघत होतो. पण बोलल्या वर्गशिक्षिका. त्या जागेवरूनच उठल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, मग आमच्या खिडकीखालच्या कुंड्यांत रोज उकडलेली अंडी सापडतात, ती कुणाची?"

सगळं सभागृह पैलवानाकडे वळलं. पैलवानाने मांडीवरच्या मुलाकडे बघितलं. मुलगा छताकडे बघत होता.

"पठ्ठ्या?" पैलवान म्हणाला. इतक्या मऊ आवाजात त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"झाडांनाही ताकद लागते, पप्पा," मुलगा म्हणाला.

मग काय, धरणच फुटलं. एका आईने उठून सांगितलं की तिच्या मुलीच्या दप्तराच्या तळाशी तिला वाळलेल्या पालकाचा थर सापडला होता, पण लाजेखातर ती बोलली नव्हती. एका आजोबांनी कबूल केलं की ते फाटकाबाहेर नातवाचा डबा रोज स्वतः खाऊन रिकामा करून देतात, आणि त्यामुळे त्यांचं पोट सुधारलं आहे. खऱ्याखुऱ्या रिकाम्या डब्याचं मूल शेवटपर्यंत सापडलं नाही. ती बीट आवडणारी मुलगी सापडली असती, पण तिच्या डब्यात घरून बीट कधी आलंच नव्हतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग स्वतःच उठून तक्ता खाली उतरवला. असं ठरलं की डबा उघडून बघायचा नाही, उरलं तर उरलं. मुलांनी आदल्या दिवशी डब्यातली एक तरी गोष्ट स्वतः निवडायची. मी चमच्याचा विषय काढला, आणि तो टाळ्यांच्या गजरात, दोन प्रती न मागता मंजूर झाला. माझा राजीनामा मात्र नामंजूर झाला. दुसरं कुणी अध्यक्ष व्हायला तयार नव्हतं.

बाहेर पडताना पैलवान माझ्याजवळ आला. माझा दंड चाचपायला त्याने हात पुढे केला, मग नुसताच खांद्यावर ठेवला. "चला दादा, चहा घेऊ," तो म्हणाला. काकाचा दादा व्हायला मला एवढं सगळं करावं लागलं.

कापूस आता गवतावर आहे. तो दिवसभर जाळीला नाक लावून दुसरीच्या वर्गाकडे बघत असतो, आणि मला बघितलं की उठून बसतो. मी नजर चुकवतो.

घरी आता डबे चौघांच्या मताने होतात, म्हणजे बराच आरडाओरडा होतो. धाकटा भात निवडतो, थोरली लोण्याचा ब्रेड आणि तो कुणालाही न देण्याचा हक्क. कोपऱ्यात मी थोडं गाजर ठेवतो, चांदणी-बिंदणी काही नाही, नुसतं गाजर. ते कधी परत येतं, कधी येत नाही.

परवा एका सकाळी दोघं माझ्या आधी उठून ओट्यापाशी खुसफुसत होती. मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. निघताना धाकट्याने माझ्या हातात डबा दिला. "आज तुझा आम्ही केलाय. पौष्टिक आहे."

ऑफिसात तो उघडला तेव्हा आजूबाजूची मंडळी वाकून बघायला आली, आणि बघून आपापल्या जागी परत गेली. ब्रेडच्या दोन तुकड्यांमध्ये कुस्करलेलं केळं होतं, त्यात काकडी किसून घातली होती आणि वर भरपूर मीठ. मी अर्ध्यापर्यंत गेलो. त्यापुढे मला जाता येईना. कोपऱ्यात कचऱ्याची टोपली होती. तिच्याकडे माझं दोनदा लक्ष गेलं, हे नाकारत नाही. मग मी झाकण लावलं आणि डबा पिशवीत ठेवला.

संध्याकाळी दार उघडल्याबरोबर धाकट्याने डबा माझ्या हातातून घेतला आणि झाकण काढलं.

"उरलंय," तो म्हणाला.

"हो. केळं चांगलं होतं. पण काकडीबरोबर... नाही रे आवडलं मला."

एवढं बोलून मी थांबलो. आता त्याचा ओठ थरथरणार, असं मला वाटत होतं. त्याने उरलेल्या ब्रेडचा एक कोपरा तोडून तोंडात टाकला. चावला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"ई! घाण आहे," तो म्हणाला. "उद्या काकडी वेगळी देतो."

आणि डबा दोन्ही हातांनी धरून तो बेसिनकडे गेला, टाचा उंच करून नळाखाली घासायला लागला. पाणी त्याच्या बाह्यांतून कोपरापर्यंत गेलं, निम्मा ओटा भिजला. मी फडकं घेऊन त्याच्यामागे उभा राहिलो.